धनगराच्या लेकीचा नाताळ

माझी थोरली बहीण बेंबळीपासून कोसभरावरच्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या पाठोपाठ मीही त्याच आवारातल्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. मुलूख निजामाचा होता आणि जगात लढाई चालू होती. आमच्या खेड्यात लढाई कळायची ती रॉकेल आणि साखर मिळेनाशी झाली एवढ्यावरूनच. आवार म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना, पत्र्याची शाळा, एक छोटंसं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, विहीर आणि चार-पाच ख्रिस्ती कुटुंबांची घरं. आजूबाजूला सगळी शेतं. डॉक्टर सोलापूरहून कधीमधी यायचे. एरवी दवाखाना म्हणजे माझी बहीणच. मी तिला अक्का म्हणायची, म्हणून सगळं आवार आणि पुढं सगळं गावही तिला अक्काच म्हणू लागलं.

अक्का उंच होती, सावळी, बोलायला तुटक. लग्न केलेलं नव्हतं. पहिल्यांदा येणारी बाळंतीण तिला घाबरायची आणि घरी जाताना तिचा हात सोडायची नाही. मी तिच्यासारखी कधी होऊ शकले नाही, पण तिच्या शेजारी राहायला मिळालं हे माझं नशीब.

ज्या नाताळाची ही गोष्ट, त्याच्या दीड-दोन वर्षं आधी एक धनगर आपल्या बायकोला घोडीवर घालून दवाखान्यात घेऊन आला. ते परांड्याकडचे, सोनारीच्या भैरवाचे भक्त. मेंढरं घेऊन फिरतीवर निघालेले. बाळंतपण वाटेतच झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. अक्कानं जेवढं करता येईल तेवढं केलं. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मुलगी मात्र जिवंत होती, मुठीएवढी, रडायचंही बळ नसलेली.

तो माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. त्याच्या कळपाबरोबर दुसरं बाईमाणूस नव्हतं. अंगावर पिणारं लेकरू घेऊन रोज वेगळ्या रानात मुक्काम करायचा, तर ते जगणार नाही हे त्यालाही दिसत होतं. अक्का त्याच्याजवळ जाऊन पायरीवर बसली. काय बोलणं झालं ते मी दारातून ऐकलं. तो म्हणाला, पोरगी चालायला लागली की येऊन घेऊन जाईन, तोवर तुम्ही सांभाळा. अक्कानं कबूल केलं. मग तो उठला, मुलीच्या कमरेला काळा दोरा बांधला, त्यात भैरवाचा तांब्याचा छोटा टाक ओवलेला होता. आणि मेंढरांमागं गेला.

अक्कानं त्या मुलीला शेळीच्या दुधावर वाढवलं. आधी कापसाच्या बोळ्यानं, मग बोंडल्यानं. पहिला महिनाभर ती तिला पोटाशी बांधूनच दवाखान्यात फिरायची. मुलीनं बाळसं धरलं, दात आले, रांगू लागली, आणि आम्ही सगळेच तिच्यात गुंतलो. तिला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायचं ते बाप ठेवेल, असं अक्का म्हणायची. तोवर सगळे तिला बायडी म्हणत. शाळेच्या घंटेला ती पळत यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून खडू खायची.

मधे एका पावसाळ्यात धनगर येऊन गेला होता. मुलगी तेव्हा नुकती बसायला शिकली होती. त्यानं तिला लांबूनच पाहिलं, अंगावरचं घोंगडं काढून अक्काजवळ दिलं आणि गेला. अक्कानं ते घोंगडं मुलीच्या अंथरुणात घातलं. लोकर टोचते, पोरीच्या अंगावर पुरळ उठेल असं मी म्हणाले, तर तिनं वर एक मऊ धडपं पसरलं, पण घोंगडं काढलं नाही. बापाच्या अंगाचा वास तिच्या ओळखीचा राहू दे, एवढंच म्हणाली.

अशा कितीतरी गोष्टी ती करायची आणि आवारातल्या बायकांना त्या कठोर वाटायच्या. मुलगी बोलू लागली तेव्हा अक्कानं तिला आई म्हणायला शिकवलं नाही. अक्काच म्हणायला शिकवलं. रस्त्यानं मेंढरं गेली की हातातलं काम टाकून तिला कडेवर घेऊन कुंपणापाशी जायची आणि सांगायची, बघ, तुझा आबा अशी मेंढरं राखतो. कमरेचा दोरा आखूड झाला की नवा काळा दोरा आणून तोच टाक पुन्हा ओवायची.

त्यावरून एकदा आमच्या उपदेशकांशी तिचं बोलणं झालं. उपदेशक वयस्क होते, मायाळू होते. त्यांचं म्हणणं असं की मुलगी आपल्यात वाढते आहे, देवळात येते आहे, तर तिचा बाप्तिस्मा करून टाकावा आणि तो टाकही काढावा. बाप येईल की नाही याचा तरी काय भरवसा? अक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. आमच्यात उपदेशकांपुढं कुणी असं बोलत नसे.

"तिचा बाप हयात आहे," ती म्हणाली. "त्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली अमानत आहे ही. त्याला विचारल्याशिवाय मी तिच्या कपाळाला पाणी लावू देणार नाही, आणि दोऱ्याला हातही लावणार नाही."

पुढच्या रविवारी उपदेशकांनी देवळात त्या परगावी फिरणाऱ्या बापासाठी प्रार्थना केली. त्यांचाही मोठेपणा मला त्या दिवशी कळला.

मग तो नाताळ आला. मुलगी धावू लागली होती, दोन-दोन शब्द जोडून बोलत होती, आणि बाप अजून आलेला नव्हता. गेल्या नाताळात ती नुसती रांगत होती. या खेपेला मात्र तिला सगळं कळत होतं आणि सगळ्यात हात घालायचा होता.

आमच्याकडं नाताळाला झाड म्हणून बाभळीची फांदी आणायचे. दुसरं काय मिळणार? एरवी ती काट्यांसकटच मडक्यात रोवायची आणि काट्यांवर कापसाचे पुंजके टोचायचे, तेच आमचं बर्फ. त्या वर्षी अक्कानं फांदी तिच्या ओसरीवर मागवून घेतली. दवाखान्याचं काम आटोपलं की कात्री घेऊन बसायची आणि एकेक काटा मुळापासून कापायची. तीन दुपारी तेच चाललं होतं. मी हसले, म्हणाले की काट्याशिवाय कापूस कशाला लावणार? तर तिनं खळ करायला घेतली. बायडी समोर बसून कापलेले काटे उचलायला हात घालायची आणि अक्का न बोलता तिचा हात बाजूला करायची. शेवटी फांदी अशी गुळगुळीत झाली की मुलीनं तिला मिठी मारली तरी ओरखडा उठू नये. आणि तिनं मारलीच. कापूस लावून झाल्यावर पहिल्याच सकाळी तिनं खालचा सगळा कापूस ओरबाडून आपल्या केसांना चिकटवला.

चांदणीचं कामही असंच झालं. कामट्यांची चांदणी मुलांनी बांधली. रंगीत पतंगी कागद सोलापूरच्या बाजारातून येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडला होता, तो उपदेशकांनी कसाबसा सोडवून आणला. रॉकेल नव्हतं, म्हणून आत करडईच्या तेलाची पणती ठेवायची. दिवस मावळायच्या सुमाराला ती लावली की मुलगी अंगणात उभी राहून दोन्ही हात वर करायची आणि चांदणीला "ताला, खाली ये" म्हणायची. चांदणी येत नाही म्हटल्यावर रागानं जमिनीवर आडवी व्हायची. रोज हेच. अक्का रोज तिच्याशेजारी मांडी घालून बसायची आणि रडणं थांबेपर्यंत बसून राहायची. गप्प कर, उचल, आमिष दाखव, यातलं काहीच करायची नाही. एकदा मुलीला चांदणी खाली काढून दिली असती तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणालं, तेव्हा अक्का म्हणाली, वर आहे म्हणून तर चांदणी आहे ती.

माझ्या जुन्या लुगड्याच्या धड टोकातून आम्ही मुलीला फ्रॉक शिवला, कापड तेव्हा कंट्रोलवर मिळायचं. तिला तो मुळीच आवडला नाही. घातला की दोन मिनिटांत डोक्यावरून काढायची आणि कमरेच्या दोऱ्यावर सगळ्या आवारात पळायची. करंज्या करताना गुळाचं सारण ठेवलेल्या परातीत ती एकदा बसलीच. चार घरच्या बायका करंज्या लाटायला जमल्या होत्या. सगळ्या इतक्या हसल्या की परात तशीच राहिली. अक्का नेहमी हसायची नाही, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी येईतो हसली. तिचं तसं रूप मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मला वाटायचं, आता बाप कशाला येतो. मी तसं बोलूनही दाखवायची. अक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, येईल. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याची वाट पावसावर आणि चाऱ्यावर असते, तो कुठं अडकला असेल.

नाताळ चार-पाच दिवसांवर आला असताना तो आला. सकाळची वेळ होती, शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती, आणि रस्त्यावर धूळ उठलेली दिसली. पुढं कुत्री, मागं मेंढरं, मग घोडीवर बिऱ्हाड, आणि या खेपेला बरोबर एक बाई. ती त्याची विधवा बहीण होती. लेकीला सांभाळायला म्हणून तो तिला तिच्या सासरहून घेऊन आला होता. तिला आणायला लांब वळसा पडला, म्हणून त्याला जवळजवळ वर्षभर उशीर झाला होता.

दवाखान्यासमोर येऊन त्यानं हात जोडले. अक्का बाहेर आली. तिच्या कडेवर मुलगी होती.

"चालती का हो?" त्यानं विचारलं.

"पळती," अक्का म्हणाली, आणि तिला खाली ठेवली.

मी मनात म्हटलं, आता घोंगड्याचा वास ओळखेल आणि जाईल त्याच्याकडं. तसलं काही झालं नाही. ती त्याची दाढी, पागोटं आणि काठी बघून किंचाळली आणि अक्काच्या लुगड्यात शिरली. त्याची बहीण पुढं झाली तर आणखी मोठ्यानं रडली. धनगर दोन पावलं मागं सरकला. त्याचा चेहरा मला बघवला नाही. त्यानं अक्काला विचारलं, आता कसं करायचं? हिला अशी ओढून न्यायची तर जीव जाईल हिचा.

अक्का म्हणाली की घाई करू नका. शाळेमागचं रान रिकामं आहे, मेंढरं तिथं बसवा. शाळेच्या रानाला खत होईल, तुम्हाला मुक्काम होईल. नाताळ आमच्याकडंच करा. पोरीला रोज तुमच्याकडं घेऊन येते. ती आपणहून आली तर न्या.

मी तिला आत गेल्यावर विचारलं, आणि नाही आली तर? माझ्या आवाजात काय होतं ते तिला कळलं असावं. ती म्हणाली, "यावी म्हणूनच मी झटणार आहे. तू पण झट."

आणि ती खरंच झटली. रोज सकाळी आणि दुपारी मुलीला घेऊन शाळेमागच्या रानात जाऊन बसायची. पहिल्या दिवशी लांब, दुसऱ्या दिवशी जरा जवळ. मुलीला मेंढरांची मौज वाटायची. एक काळ्या तोंडाचं कोकरू होतं, ते तिच्यापेक्षा थोडंच बुटकं. ते तिच्या हातातलं गवत खायचं आणि तिचा हात चाटायचं, आणि ती अंग चोरून हसायची. बाप पलीकडं बसून लोकर कातत राहायचा. अक्कानं त्याला सांगून ठेवलं होतं की तिच्याकडं बघू नका, बोलवू नका, आपलं काम करा. तो तसंच करायचा, पण टकळी कधीच नीट फिरायची नाही.

त्याच्या बहिणीला मात्र अक्कानं दवाखान्यात बोलावून घेतलं. पाणी उकळून कसं द्यायचं, ताप आला तर काय करायचं, जुलाब झाले तर मीठ-गुळाचं पाणी कसं पाजायचं, डोळे आले तर काय लावायचं, सगळं तिच्या हातानं करून घेतलं. ती बाई अबोल होती. पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. अक्का मला म्हणाली, हिच्या हातात लेकरू नीट राहील. हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला अजून ते पटत नव्हतं.

नाताळाच्या दुपारी शाळेची मुलं बाळ येशूच्या जन्माचं नाटक करायची. बसवायचं काम माझ्याकडं होतं. तीन मुलं मेंढपाळ व्हायची, घरून घोंगडी आणायची. धनगर आलेला पाहून आवारातल्या काही मंडळींना कल्पना सुचली की खरा मेंढपाळ दाराशी आलाय, तर त्यालाच नाटकात उभा करावा. उपदेशकांनाही ते फार आवडलं. मलाही, खरं सांगायचं तर. सगळे अक्काकडं गेले, कारण तिनं सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला नसता.

अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो त्याची लेक न्यायला आलाय. आपला पाहुणा आहे. पाहुण्याला सोंग घ्यायला लावायचं नाही."

विषय तिथंच संपला. पण मुलांची तालीम चाललेली धनगरानं कुंपणापलीकडून पाहिली होती. त्यानं मला विचारलं, काय करताय? मी सांगितलं, देव गोठ्यात जन्मला आणि पहिल्यांदा मेंढक्यांना कळलं, त्याची गोष्ट आहे. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला की रानात जागा असतो तो मेंढकाच, त्यालाच आधी कळणार. नाटकाच्या दिवशी तो आपणहून ते काळ्या तोंडाचं कोकरू घेऊन आला. पोरांच्या हातात द्या म्हणाला, नुसत्या घोंगड्यानं मेंढका दिसत नाही.

सकाळी देवळात उपासना झाली. धनगर आणि त्याची बहीण देवळाच्या दारात बसले होते. अक्कानं त्यांना आत बोलावलं, पण ते दारातच बरे म्हणाले, तेव्हा तिनं आग्रह केला नाही. आपली सतरंजी मात्र त्यांच्याकडं पाठवली. उपासना झाल्यावर सगळ्यांना करंज्या आणि गुळाचा चहा मिळाला. मुलीला फ्रॉक घातला होता आणि आश्चर्य म्हणजे तिनं तो अंगावर ठेवला, कारण दोन्ही हातांत करंज्या होत्या.

दुपारी शाळेपुढच्या अंगणात नाटक सुरू झालं. गावातलीही मंडळी आली होती. लिंगायत वाण्याच्या घरच्या बायका, पाटलाघरची मुलं, पोलीस चौकीचे मौलवीसारखे दिसणारे जमादार सगळे अंगणात दाटीनं बसले होते. धनगर एका बाजूला शाळेच्या भिंतीला टेकून बसला होता. मी पडद्याजवळ उभी राहून मुलांना वाक्यं सांगत होते. मरिया झाली, योसेफ झाला, मग मेंढपाळ आले. कोकरानं आल्या आल्या गव्हाणीतला कडबा ओढून खायला सुरुवात केली आणि लोक हसायला लागले.

मुलगी अक्काच्या मांडीवर होती. कोकरू दिसताच ती उठली आणि नाटकात शिरली. मी तिला धरायला निघाले, पण अक्कानं मला हातानं थांबवलं. मुलगी कोकराजवळ गेली, त्याला करंजी दाखवली, परत आपल्या तोंडात घातली. मग तिन्ही मेंढपाळांकडं बघितलं. ती सगळी ओळखीची पोरं, रोज तिला खांद्यावर घेणारी. त्यांची घोंगडी बघून ती जरा गोंधळली असावी. तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि भिंतीशी बसलेल्या बापाकडं तिची नजर गेली. ती तशीच उभी राहिली.

देवदूत झालेल्या मुलीला पुढचं वाक्य आठवेना आणि मलाही ते सांगायचं सुचलं नाही. मुलगी चार पावलं चालली, थांबली, मागं वळून अक्काला बघितलं. अक्कानं मान हलवली. मग ती सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली आणि हातातली चावून ओली झालेली अर्धी करंजी त्याच्या तोंडात कोंबली.

त्यानं ती खाल्ली. हात दोन्ही गुडघ्यांवर तसेच ठेवलेले. तिला धरलं नाही, जवळ ओढलं नाही, इतके दिवस अक्कानं सांगितलेलं त्यानं त्या क्षणीही पाळलं. मुलीनं त्याच्या दाढीतला चुरा बोटानं काढला, तो आपण खाल्ला, आणि वळून त्याच्या गुडघ्याला टेकून नाटक बघत उभी राहिली. तेव्हा त्यानं पागोट्याचं टोक डोळ्यांवर ओढलं.

नाटक आम्ही कसंबसं पूर्ण केलं. ते कुणीच पाहिलं नसेल. मी अक्काकडं पाहिलं तर ती ताठ बसली होती, आणि चेहरा तसा होता, जसा एखादं अवघड बाळंतपण सुखरूप पार पाडल्यावर असायचा.

पुढचे दोन दिवस मुलगी बराच वेळ मेंढरांतच असायची. आत्याच्या हातची भाकरी खाऊ लागली. दुसऱ्या संध्याकाळी धनगर अक्काकडं आला. नाव काय ठेवलंय हिचं, त्यानं विचारलं. अक्का म्हणाली, ठेवलं नाही, ते तुमचं काम. तो चकित झाला. इतके दिवस बिनानावाची? मग खाली बघून त्यानं एक नाव सांगितलं. ते त्याच्या मेलेल्या बायकोच्या आईचं होतं. त्या घरचं नाव मी इथं लिहीत नाही. अक्कानं मुलीला उचललं, तिच्या कानाशी ते नाव दोनदा म्हटलं, आणि त्यानंतर तिनं तिला बायडी म्हणून एकदाही हाक मारली नाही. आम्ही मात्र चुकत राहिलो.

तो म्हणाला, "अक्का, मी तुमचं कसं फेडू?"

"फेडायचं काही नाही," ती म्हणाली. "फिरतीवर इकडून जाताना दाखवत जा. तेवढं पुरे."

निघायच्या सकाळी उपदेशक आले. त्यांनी धनगराला विचारलं, मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तर चालेल का? धनगर म्हणाला, देवाचं नाव हाय, घ्या की. उपदेशकांनी थोडक्यात प्रार्थना केली. मग धनगरानं आपल्या कनवटीचा भंडारा काढून लेकीच्या कपाळाला लावला, आणि जरा घुटमळून अक्काकडं बघितलं. अक्कानं कपाळ पुढं केलं. आवारात सगळे बघत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मुलीला घोडीवर आत्याच्या पुढ्यात बसवलं. घोडीवर बसायला मिळालं याचाच तिला एवढा आनंद झाला होता की ती रडली नाही. रस्त्याला लागेपर्यंत ती "अक्का, चल" म्हणून हाका मारत होती, अक्काही मागून येणार असं समजून. अक्का फाटकापर्यंत चालत गेली, तिथं थांबली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

मला वाटलं ती आता घरात जाऊन पडेल. ती सरळ दवाखान्यात गेली. बाहेर माणसं बसली होती, लोहारा गावाकडून गाडीत घालून आणलेला एक म्हातारा होता, त्याच्या पायाला गळू झालं होतं. ते तिनं फोडलं, धुतलं, बांधलं. दुपारी जेवायला आली तेव्हा पानावर बसली आणि हात तसाच राहिला. मी तिच्याशेजारी बसले. चांदणीखाली मुलगी रडायची तेव्हा अक्का जशी नुसती बसून राहायची, तशी मी बसले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, तुला ती ठेवून घ्यावी असं कधीच वाटलं नाही का? ती म्हणाली, रोज वाटायचं. म्हणूनच रोज तिला बापाचं सांगावं लागायचं.

पुढच्या वर्षी नाताळाच्या आधी आठवडाभर मेंढरं परत शाळेमागच्या रानात उतरली. अक्का हातातलं काम टाकून धावत गेली. मुलगी आता चांगली उंच झाली होती, अंगावर चोळी-परकर, केसांत धूळ, हातात काठी. अक्कानं तिच्या नावानं हाक मारली. मुलीनं तिच्याकडं बघितलं आणि बापाच्या घोंगड्याआड जाऊन लपली. ओळखलंच नाही तिनं. तो बिचारा ओशाळला, लेकीला पुढं ढकलू लागला. पण अक्का हसत होती. तिनं त्याला थांबवलं आणि मला म्हणाली, "बघ, कशी बिलगलीय बापाला."

मग ती तिथंच ढेकळावर मांडी घालून बसली आणि आत्याशी गप्पा मारू लागली, मुलीकडं न बघता. मुलीला दात किती आले, ताप कधी आला, काय खाते, सगळं विचारून घेतलं. आत्यानं पाणी उकळून देते असं सांगितलं तेव्हा अक्कानं तिचा हात धरला. ऊन वर येईतो मुलगी बापाच्या आडून बाहेर आली होती आणि काठीनं ढेकळं फोडत फोडत आमच्याकडं सरकत होती.

रझाकारांच्या दिवसांत वाटा बंद झाल्या तेव्हा एक नाताळ ते आले नाहीत. अक्का रोज रस्त्याकडं बघायची. नंतर राज्य बदललं आणि ते पुन्हा येऊ लागले. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा धनगर स्वतः अक्काला न्यायला आला. लग्न परांड्याकडं माळावर होतं. मीही गेले होते. अक्षता पडायच्या वेळी नवरीच्या मागं तिच्या आजोळची माणसं उभी राहतात, तिथं त्यानं अक्काला नेऊन उभं केलं. पांढरं लुगडं नेसलेली अक्का लाल-हिरव्या लुगड्यांच्या गर्दीत डोकं वर काढून उभी होती, आणि मंडपातली माणसं एकमेकांना विचारत होती की ही कोण? ज्याला त्याला तो धनगर सांगत होता, "ह्या आमच्या अक्का हायत."